टाळ्यांचं शिबिर

शिबिराला जायचं बाईंच्या मनातही नव्हतं. होडीच्या एका चित्राने त्यांचा घात केला.

बाई म्हणजे गणिताच्या शिकवणीच्या बाई. वय चाळिशीपुढचं, जीभ तिखट, आणि लहानपणीच्या एका तापाने दोन्ही पाय नेल्यापासून बूड कायमचं चाकाच्या खुर्चीत. पण खांदे आणि दंड असे, की पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर त्या स्वतःला अशा उचलून ठेवत, जसं एखादी सुगरण चुलीवरचं पातेलं उतरवते. दादा-वहिनींच्या घरात तळमजल्यावरची खोली त्यांची. तिथेच शिकवणी चाले, आणि तिथे उनाडांतल्या उनाड पोराचीही भागाकार चुकवून मान वर करायची छाती होत नसे.

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांच्या भिंतीवर ते चित्र होतं. उंच झाडं, मोठं तळं, आणि होडीत वल्हं मारणारी एक बाई, मागे काठावर तिची रिकामी खुर्ची. खाली शिबिराचं नाव आणि ‘मोकळ्या हवेत उपचार, मोकळ्या मनाने आनंद’. बाई ते चित्र बघत राहिल्या. दादाने ते हेरलं आणि परस्पर त्यांचं नाव घालून मोकळा झाला.

“आठवडाभर हवापालट होईल,” दादा म्हणाला.

“कोणाचा? माझा की तुमचा?” बाईंनी विचारलं. वहिनी ओशाळल्यासारखी हसली. पण बाईंच्या डोळ्यांपुढे ती रिकामी खुर्ची होती. त्या तयार झाल्या.

शिबिराच्या दारात त्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा काय चढलं असेल, तर सशाच्या कानांची टोपी. कागदी, गुलाबी. चढवणाऱ्या मुलीने टाळ्या वाजवल्या आणि ती ओरडली, “आल्या आल्या, आपल्या ससुल्या आल्या!”

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ससुली त्याच होत्या.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलीने ती पुन्हा डोक्यावर चढवली. बाईंनी पुन्हा काढली. “रुसूबाई आहेत वाटतं,” मुलगी लाडाने म्हणाली आणि त्यांचा गाल ओढला. बाईंना वाटलं, तो गाल घासून धुवावा. साबणाने.

तिथे जमलेली सगळी माणसं घोड्याएवढी मोठी होती. नोकरीतून निवृत्त झालेले होते, संसार केलेले होते, एक बाई तर आजी होती. सगळ्यांच्या डोक्यावर कान. शिबिराच्या प्रमुख म्हणजे ताई. मऊ आवाज, मऊ हात, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला पाक लावलेला. “बाळांनो,” त्या म्हणाल्या, “आता आपण ओळख करून घेऊया.”

बाईंच्या शेजारी एक भरघोस मिशांचा उंचापुरा माणूस होता. अर्धांगाच्या झटक्याने त्याची डावी बाजू गेली होती. शब्दही जरा थांबून थांबून यायचे, पण यायचे ते नेमके. त्याची पाळी आली. त्याने श्वास घेतला.

“मी... बस...”

“बसा, बसा!” ताई लगबगीने म्हणाल्या. “उठायचं नाही हं, बसूनच बोला!”

टाळ्या झाल्या. त्या माणसाने तोंड मिटलं. लोकांच्या टाळ्या संपल्यावर तो हळूच, कोणाला उद्देशून नाही असं, “...चालवत होतो,” म्हणाला. ते फक्त बाईंनी ऐकलं.

“कुठली बस? शहरातली की लांब पल्ल्याची?” बाईंनी विचारलं.

त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “लांब... पल्ल्याची,” तो म्हणाला. आणि मग, बऱ्याच वेळाने, “घाटातली.” तेव्हापासून बाई त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणू लागल्या.

जेवणात सगळ्यांना एकच पदार्थ मिळाला. भाज्या, बटाटे, आणखी काय काय शिजवून घोटून केलेला एक राखाडी लगदा. कोणाच्या घशात काही अडकू नये म्हणून. बाईंना बत्तीसच्या बत्तीस दात होते. त्यांनी ते बोलून दाखवलं, तर वाढणाऱ्या मुलाने त्यांच्या गळ्यात लाळेरं बांधलं आणि चमचा त्यांच्या तोंडाशी आणला. “एक घास चिऊचा...”

“चिऊला घाल,” बाई म्हणाल्या आणि चमचा त्याच्या हातातून काढून घेतला. समोर ड्रायव्हरसाहेबांच्या मिशांना तो लगदा लागला होता. पुसायला जाणारा त्यांचा उजवा हात एका मदतनीस मुलीने धरून खाली ठेवला आणि आपणच पुसलं, शेंबड्या पोराचं नाक पुसावं तसं. बाईंनी आपलं ताट पुढे सरकवलं.

पण खरी शिसारी पुढेच होती. संडासांना दारं नव्हती. दाराच्या जागी प्लॅस्टिकचे पडदे होते, त्यांवर हसरे मासे. आत कोणी अडकून पडलं तर काय, म्हणून दारं काढून टाकली होती. पडद्याबाहेर एक मदतनीस उभी राही. बाई आत जाऊन, खुर्ची लावून, दांडीला धरून स्वतःला नीट बसवतात न बसवतात तोच बाहेरून आवाज आला, “झालं का?”

बाईंनी पडदा आतून ओढून धरला.

“झालं का हो? नंबर एक की नंबर दोन?”

“आधी इथून जा,” बाई आतून म्हणाल्या.

“असं कसं जाऊ? जबाबदारी आहे आमची.” मग पाण्याचा आवाज ऐकून ती मुलगी आनंदाने ओरडली, “शाब्बास!” आणि तिने टाळ्या वाजवल्या.

बाईंना आयुष्यात पुष्कळ गोष्टींची लाज सोसावी लागली होती. जिन्यांवरून पोत्यासारखं उचललं जाणं, देवळातल्या भिकाऱ्यासारखी मांडीवर पडलेली नाणी, सगळं. पण स्वतःच्या लघवीला टाळ्या ही नवीनच गोष्ट होती. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. ती मुलगी वाईट नव्हती, हेच वाईट होतं. तिच्या डोळ्यांत खरोखरचा आनंद होता.

तरी बाई राहिल्या. होडीसाठी.

होड्या होत्या, चित्रात होत्या तशाच, लाल आणि पिवळ्या. तळंही होतं. काठाशी हिरव्या शेवाळाची साय धरली होती, त्यात कागदी पेले तरंगत होते आणि कुजकट वास येत होता, पण पलीकडे पाणी स्वच्छ दिसत होतं. बाईंना फुगीर जाकीट घातलं गेलं, दोघांनी उचलून होडीत बसवलं, हातात वल्हं दिलं. बाईंनी वल्हं पाण्यात घातलं, खांद्याचा जोर लावला. होडी तसूभर पुढे गेली आणि हिसका बसून थांबली.

होडी खुंटाला दोराने बांधलेली होती.

“सोडा की,” बाई म्हणाल्या.

“अगंबाई, सोडून कसं चालेल?” काठावरचा मुलगा म्हणाला. मग तो गुडघाभर शेवाळात उतरला, होडी दोन्ही हातांनी धरून हलवू लागला आणि तोंडाने आवाज काढू लागला, “सूंऽऽ सूंऽऽ! लाटा आल्या, लाटा!” काठावरून टाळ्या. कोणीतरी फोटो काढला. मग बाईंना उचलून बाहेर ठेवलं आणि पुढच्याला आत घातलं.

बाईंनी दादाला फोन लावला. “मला न्यायला ये.”

“अगं, आम्ही दोघं बाहेर आलोय ना. जरा दम धर. काय कमी आहे तिथे?”

काय कमी आहे हे फोनवर कसं सांगायचं, ते बाईंना सुचेना. सगळे गोडच बोलतात, अशी तक्रार करायची? टाळ्या वाजवतात, म्हणून? त्यांनी फोन ठेवला.

ड्रायव्हरसाहेबांशी मात्र त्यांचं जमलं. दुपारी झाडाखाली दोघांच्या खुर्च्या शेजारी लावून ते बसत. ड्रायव्हरसाहेब एक वाक्य बोलायला सुरुवात करत आणि बाई वाट बघत. वर्गात फळ्यापुढे उभ्या पोराला त्यांनी एवढा वेळ कधी दिला नव्हता. घाटात ब्रेक निकामी झाल्यावर भरलेली बस डोंगराच्या कडेला घासत त्यांनी कशी थांबवली, ही गोष्ट त्यांनी एक अख्खी दुपार घेऊन सांगितली. शेवटी म्हणाले, “सगळे... खाली उतरले. आणि... एकाने... शिवी दिली. उशीर... झाला म्हणून.” आणि दोघं इतके हसले की मदतनीस मुलगी धावत आली, काय झालं म्हणून.

ड्रायव्हरसाहेबांची मुलगी एकटी कमावती होती. बापाचं सगळं तीच बघे. “ती... झोपत असेल... आता,” ते म्हणाले. “पोटभर.”

मग शिबिरातल्या समारंभाचा दिवस उजाडला. शिबिराला गाद्या पुरवणारा एक मोठा कारखानदार प्रमुख पाहुणा म्हणून येणार होता. सकाळपासून धावपळ. सगळ्यांना एकसारखे पिवळे सदरे, डोक्यावर तेच कान. तळ्याकाठी तंबू उभारला होता, आत व्यासपीठ आणि निमंत्रितांच्या खुर्च्या. ताईंनी सगळ्यांना पहिल्या रांगेत लावून घेतलं, खुर्च्यांची चाकं अडकवली आणि “आता हलायचं नाही हं बाळांनो,” असं बजावलं.

पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ऊन वर चढलं. तंबूत माणसांच्या घामाचा, नव्या प्लॅस्टिकचा आणि तळ्याचा वास एकत्र कोंडला. बाईंच्या शेजारी ड्रायव्हरसाहेब चुळबुळ करू लागले. त्यांनी ताईंना खूण केली. ताई आल्या.

“मला... जा...”

“थोडंच राहिलं हं,” ताई म्हणाल्या आणि त्यांच्या टोपीचे कान सरळ करून गेल्या.

बाईंनी हात वर केला. “ताई, त्यांना जायचंय. संडासला.”

“आता पाहुणे फाटकाशी आलेत. पाच मिनिटं धरतील की. मोठे आहेत ना आता?” ताई हसून म्हणाल्या.

पाहुणे आले. गोरे, गुबगुबीत, आपल्याच गादीसारखे. हार झाले, भाषण सुरू झालं. ही देवाची लेकरं, यांच्याकडून आपण शिकायचं, यांचं निरागस हसू, असं बरंच काही. मग ताई ध्वनिक्षेपक हातात धरून पाहुण्यांना पहिल्या रांगेपाशी घेऊन आल्या. “आपल्या या मित्रांना काहीतरी सांगायचंय सकाळपासून,” त्या म्हणाल्या आणि तो ड्रायव्हरसाहेबांच्या तोंडाशी धरला.

ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. कपाळाची शीर फुगली होती. “मला...” ते म्हणाले आणि सगळ्या तंबूभर त्यांचा श्वास ऐकू आला. “मला... जा... जा...”

“जागा!” ताई म्हणाल्या. “जागा आवडली म्हणतात! किती गोड!”

तंबू टाळ्यांनी दणाणला. आणि त्या टाळ्यांत बाईंना शेजारून एक बारीक आवाज ऐकू आला. पाण्याची धार हिरवळीवर अंथरलेल्या जाजमावर पडत होती. पिवळ्या सदऱ्याचं टोक गडद झालं होतं. ड्रायव्हरसाहेब समोर बघत होते. डोळे कोरडे, जबडा आवळलेला. ते असे बघत होते, जणू अजून घाटातला रस्ताच समोर आहे.

ताईंनी पाहिलं. क्षणभरच त्यांच्या चेहऱ्यावरची साय हलली. मग त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यातला हार काढून ड्रायव्हरसाहेबांच्या मांडीवर टाकला, नीट पसरला आणि फोटोवाल्याला हळूच म्हणाल्या, “कमरेच्या वरचाच घे.”

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी टोपी फेकली. दोघांच्या चाकांचे अडसर काढले, आपली खुर्ची गर्रकन फिरवून त्यांच्या पुढे आणली.

“ड्रायव्हरसाहेब, माझ्या पाठीमागची मूठ धरा. उजव्या हाताने. आणि उजव्या पायाने रेटा.”

त्यांनी मूठ धरली. बाईंनी चाकांवर जोर टाकला. जाजमावर चाकं रुतत होती, हार घरंगळून चाकाखाली आला, खांदे तुटतील असं वाटलं. पण दोन्ही खुर्च्या एकामागे एक हलल्या. पाहुण्यांच्या आणि व्यासपीठाच्या मधून, त्यांच्या बुटांना चाटून, बाई बाहेर निघाल्या.

तंबूत कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. आणि सगळा तंबू उभा राहिला.

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एक अपंग दुसऱ्याला ओढतेय! पाहुण्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. “वा! वा!” ते म्हणत होते. बाईंच्या पाठीवर त्या टाळ्या आदळत होत्या, आणि बाईंना वाटत होतं की आपल्यावर कोणीतरी तो राखाडी लगदा फेकतंय, मूठ मूठ भरून, प्रेमाने.

संडासापर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्यांनी ड्रायव्हरसाहेबांची खुर्ची आत घेतली, पडदा ओढला, बादलीत पाणी सोडलं, दांडीवरचा टॉवेल आणि मागे वाळत घातलेली कोणाची तरी विजार काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. “तुमचं तुम्ही करा. लागेल तेवढा वेळ घ्या. मी भिंतीकडे तोंड करून इथेच आहे. हाक मारलीत तरच वळेन.”

बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज येत राहिला, आणि एका हाताने ओला कपडा सोडवणाऱ्या माणसाचं धापा टाकणं. एकदा त्यांनी हाक मारली. बाई वळल्या, विजारीची ओली कड धरून ओढली, पुन्हा भिंतीकडे वळल्या.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. “इथेच आहेत साहेब,” कोणीतरी म्हणालं. “अगदी नैसर्गिक क्षण आहे.” हसऱ्या माशांच्या पडद्याची एक बाजू हळूच सरकली. फटीतून कॅमेऱ्याचं काळं भिंग आत आलं. त्यामागे पाहुण्यांचा ओलसर डोळ्यांचा चेहरा.

बाईंनी बादली उचलली. ज्या पाण्यात ड्रायव्हरसाहेबांनी आत्ता कपडा पिळला होता, ते सगळं पाणी त्यांनी दोघांच्या तोंडावर फेकलं.

पुढचा गोंधळ सांगायलाच नको. पाहुणे थुंकत, खाकरत गाडीकडे पळाले. फोटोवाला कॅमेरा सदऱ्याने पुसत रडकुंडीला आला. ताईंनी बाईंना कचेरीत नेलं आणि दार लावलं. त्या दाराला कडी होती.

“लाज वाटत नाही?” ताई म्हणाल्या. आवाजात पाकाचा थेंब नव्हता. “तुम्हा लोकांसाठी आम्ही मरमर मरतो आणि तुम्ही अशी फेड करता? कृतघ्न बाई! आत्ताच्या आत्ता सामान बांधा.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताई त्यांच्याशी मोठ्या माणसासारखं बोलल्या होत्या. ऐकून बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. त्याने आल्या आल्या ताईंपुढे हात जोडले. “ती पहिल्यापासून जरा तापट आहे. मोठ्या मनाने सोडून द्या.” ताईंनी मोठ्या मनाने सोडून दिलं आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही किती करता त्यांच्यासाठी,” त्या म्हणाल्या. दादाचे डोळे भरले. बाईंनी तोंड फिरवलं.

निघण्यापूर्वी त्या झाडाखाली गेल्या. ड्रायव्हरसाहेब तिथेच होते, डोक्यावर पुन्हा कान. बाईंनी ते काढून खाली टाकले.

“चला आमच्या गाडीतून. घरी सोडते तुम्हाला.”

त्यांनी मान हलवली. बाई थांबून राहिल्या. दादाने दोनदा भोंगा वाजवला.

“मुलीची... सुट्टी... संपायची आहे,” ते म्हणाले. “मी... राहतो. तिला... सांगू नका. हे.”

“अहो, पण इथे? या लोकांत?”

“तिने... पहिल्यांदाच... सुट्टी घेतलीय.”

बाईंना ताईंची किळस आली होती, पाहुण्यांची आली होती, दादाची आली होती. पण एका थकल्या मुलीला पोटभर झोप मिळावी म्हणून बापाला हे असं कान लावून बसावं लागतं, याची किळस कोणाच्या नावावर टाकायची ते त्यांना कळेना. त्यांनी ड्रायव्हरसाहेबांचा उजवा हात हातात घेऊन दाबला आणि गाडीकडे वळल्या. गाडीत दादा बराच वेळ ऐकवत होता. बाईंनी खिडकीची काच खाली केली. तळ्याचा वास कपड्यांतून जात नव्हता.

ड्रायव्हरसाहेबांना त्या नंतर फोन करत. बोलणं लांबायचं, पण दोघांनाही घाई नसायची. ते घरी पोहोचले होते, मुलगी टवटवीत दिसत होती, आणि त्यांनी तिला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं.

महिन्याभराने दादा एक मोठी चौकट कागदात गुंडाळून घेऊन आला. “तुला एक गंमत आणलीय,” तो म्हणाला आणि कागद फाडला.

तंबूतला फोटो होता. बाई दातओठ खाऊन चाकं रेटतायत, मागे मूठ धरून ड्रायव्हरसाहेब. कमरेच्या वरचाच. खाली सोनेरी अक्षरांत ‘मैत्रीची चाकं’. शिबिरवाल्यांनी तो सगळीकडे पाठवला होता.

“ताईंनी मोठ्या मनाने पाठवला. पाण्याचा विषयसुद्धा काढला नाही त्यांनी,” दादा म्हणाला. “माझ्या कचेरीत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या शिकवणीच्या भिंतीवर लावू, मुलांनाही काहीतरी शिकायला मिळेल.” त्याने खिळा आणि हातोडीसुद्धा आणली होती.

एवढ्या दिवसांत बाई शिबिराबद्दल घरी काही बोललेल्याच नव्हत्या. दादाने ऐकून न घेता निकाल दिला होता, आणि वहिनीने विचारलं नव्हतं.

वहिनी ओट्यापाशी भाजी निवडत होती. ती हात पुसत आली आणि चौकटीपाशी वाकली. फोटोकडे तिने बराच वेळ पाहिलं, बाईंच्या चेहऱ्याकडे नाही, मागच्या माणसाच्या जबड्याकडे.

“या माणसाला काय होतंय?” तिने विचारलं.

तेव्हा बाईंनी सांगितलं. सगळं. कान, लगदा, माशांचे पडदे, टाळ्या, जाजम, हार, ते कॅमेऱ्याचं भिंग. आवाज न चढवता, उदाहरण सोडवून दाखवावं तसं. दादा मधेच “अगं, पण त्यांचा हेतू...” म्हणाला आणि कोणी त्याच्याकडे बघितलं नाही म्हणून थांबला.

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. तिने बाईंच्या धीराचं कौतुक केलं नाही. डोळ्यांना पदर लावला नाही. तिने तोंड वाकडं केलं, जसं नासलेल्या दुधाचं झाकण उघडल्यावर होतं, आणि अगदी पोटातून म्हणाली, “शीऽऽ!”

बाईंच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं.

वहिनी उठली, तिने चौकट उचलली आणि मागच्या दाराने नेऊन भाजीच्या देठांच्या बादलीत उभी खुपसली. परत येऊन तिने हात साबणाने दोनदा धुतले. दादा हातोडी घेऊन तसाच उभा होता. बाहेर शिकवणीची मुलं चपला काढत होती. बाईंनी खुर्ची फळ्याकडे वळवली आणि खडू उचलला.